हिमायतनगरची सफेदी

आमच्या रस्त्याला बेचाळीस फाटकं होती. उत्तरेच्या अंगाला बावीस आणि दक्षिणेच्या अंगाला वीस, कारण दक्षिणेकडचे तीन भूखंड एकाच मालकाने घेऊन मधल्या भिंती काढून टाकल्या होत्या. मी नकाशे काढण्याच्या खात्यात होतो, म्हणून हे मला माहीत होतं. राहणाऱ्या इतरांपैकी कोणी फाटकं मोजली असतील असं वाटत नाही.

गावाकडे हिमायतनगर म्हटलं की लोकांना नांदेडकडचं हिमायतनगर आठवे. आमची दोन-तीन पत्रं तिकडे फिरून आली होती. हैदराबादचं हिमायतनगर ही वेगळी चीज होती. कचेरीतल्या जुन्या नकाशावर तिथे एक मोठी बाग, दोन विहिरी, शिंदीची झाडं आणि पुढे नुसती खडकाळ मोकळी जागा दाखवलेली आहे. त्यानंतरच्या नकाशावर रस्ते येतात, सरळ आणि रुंद, आणि दोन्ही बाजूंना भूखंडांच्या रेघा. जुन्या शहरातल्या ड्योढ्यांत, म्हणजे थोरल्या वाड्यांत, ज्यांना भावकीबरोबर राहायचं नव्हतं अशा नवाबांच्या धाकट्या मुलांनी, बॅरिस्टरांनी, डॉक्टरांनी आणि मोठ्या अंमलदारांनी ते घेतले. घरं त्या काळच्या फॅशनची होती. पुढे गोल व्हरांडा, मोटार उभी राहील असा पोर्च, जहाजाला असतात तशा वाटोळ्या खिडक्या, गच्चीला आडव्या तीन पट्ट्या. माझ्या हिशेबाने बेचाळीसपैकी एकोणतीस घरांना त्या तीन पट्ट्या होत्या. गवंडी एकच असावा, किंवा पहिल्याने केलं म्हणून बाकीच्यांनी केलं असावं.

पोलीस कारवाईनंतर यातली काही मंडळी कराचीला गेली, काहींच्या जहागिरी गेल्या. बंगले राहिले, पण ते चालवणं जमेना. मग मालक मागच्या खोल्यांत सरकले आणि पुढचा भाग भाड्याने निघाला. अशा रीतीने आमच्यासारखी नोकरदार माणसं, ज्यांचे आजे परभणी-नांदेडकडे शेती करत होते, वाटोळ्या खिडक्यांच्या घरात राहू लागली. रस्त्यावर मराठी बिऱ्हाडं सात. आम्ही सातवे.

त्याआधी आम्ही चार वर्षं तारनाक्याच्या अलीकडे सरकारी क्वार्टरात होतो. तिथे आजूबाजूला एकही मराठी घर नव्हतं. माझी बायको लग्न होऊन गावाहून थेट तिथे आली. तिला तेलुगू येत नव्हतं आणि उर्दू ऐकली की ती पदर सावरून आत जाई. चार वर्षांत ती दिवसभर कोणाशी बोलली असेल तर दूधवाल्याशी. हे तिने मला कधी सांगितलं नाही. हिमायतनगरला आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या इंजिनियरांच्या पत्नी वाटीभर मेतकूट घेऊन आल्या, तेव्हा ही त्यांच्याशी दोन तास उभ्याने बोलली. मी घड्याळ पाहिलं होतं. तेव्हा मला कळलं.

या वस्तीची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. इथे कोणी कोणाला काही विचारत नसे. बोलत सगळे. फाटकाशी उभं राहून हवेबद्दल, आंब्याबद्दल, कोणाच्या तब्येतीबद्दल पाऊण पाऊण तास बोलत. पण कुठे चाललात, पोरीचं जमलं का, बदली होणार म्हणतात ते खरं का, हे विचारणं गावंढळपणाचं समजलं जाई. रीत मूळची नवाबी घरांतली. मराठी बिऱ्हाडांनी ती मालकांहून कडक पाळली. आपण नवे आहोत, आपल्यामुळे वस्तीची पायरी उतरली असं कोणी म्हणू नये, ही धास्ती सगळ्यांनाच होती. मलाही होती.

राज्याची पुनर्रचना ठरली आणि आमच्या कचेऱ्यांत फॉर्म आले. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते. मराठवाडा मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्राला. आम्ही कोणत्या राज्याच्या नोकरीत जाणार त्याची पसंती लिहून द्यायची होती. मुदत पंधरा दिवस. खाली छापलेलं होतं की एकदा दिलेली पसंती बदलता येणार नाही.

मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. ज्येष्ठता, बढतीची शक्यता, मुलीची शाळा, गावची जमीन. बेरीज दोन्हीकडे जवळजवळ सारखी येत होती. तो कागद मी बायकोला वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती.

"मला मुंबई कळत नाही न् आंध्र कळत नाही," ती म्हणाली. "ह्या सहा घरांतली जास्ती जिकडं राहतील तिकडं आपण. पुन्हा क्वार्टरातल्यासारखं नको."

क्वार्टराचा उल्लेख तिने पहिल्यांदाच केला. मग तिने विचारलं, "शेजारच्या वहिनींना विचारू का?"

मी म्हटलं, "विचारायचं नाही. कागद सरकारी आहे. आणि ते बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही," ती म्हणाली आणि सूप झटकलं.

पुढे कळलं की इंजिनियरांनी आपल्या पत्नीला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्या पंधरा दिवसांत दोघी रोज दुपारी भेटत होत्या आणि लोणच्याच्या मोहरीबद्दल बोलत होत्या.

दर रविवारी सकाळी आम्ही सात पुरुष कोपऱ्यावरच्या घरी चहाला जमत असू. तिथे महसूल खात्यातले एक वयस्कर गृहस्थ राहत. त्यांना सगळे दादा म्हणत. त्या दोन रविवारी फॉर्मचा विषय निघाला, पण कोणी स्वतःचं सांगितलं नाही.

"आधी दादांनी सांगावं," सरकारी वकील म्हणाले.

"अरे, मी पिकलं पान. माझं काय विचारता? तुम्ही तरणे लोक बोला."

"इंजिनियरसाहेब?"

"आमचं काय, दादा म्हणतील तसं."

"मग दादा म्हणत का नाहीत?" मी विचारलं. सगळे हसले. दादांनी माझ्याकडे बशी सरकवली. "खारी घ्या," ते म्हणाले. "नकाशावाल्यांना सगळ्याची हद्द लागते."

मी खारी घेतली. विचारता येत नाही तर पाहता येतं, असा विचार मी केला. एका कागदावर सहा घरं आडवी लिहिली आणि रोज संध्याकाळी कचेरीतून येताना रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागलो. कोणाच्या दारी सुतार आला, कोणी रोपं लावली, कोणाकडे पेट्या आल्या, हे घरी येऊन टिपत असे. माणसाने मनात ठेवलेली गोष्ट त्याच्या फाटकावर दिसतेच, असं मला तेव्हा वाटत होतं.

पाचव्या दिवशी दादांच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला सफेदी झाली. नुसत्या आतल्या खोल्यांना नाही, तर फाटकाच्या खांबांपासून मागच्या मोरीच्या भिंतीपर्यंत. आठव्या दिवशी वकिलांकडे शिडी लागली. मग इंजिनियरांकडे, मग पलीकडे शाळाखात्यातल्या मास्तरांकडे. बायकोने खिडकीतून पाहून विचारलं, "एवढा चुना कशाला लावतायत सगळे?"

"दिवाळी आली."

"दिवाळीला आतून लावतात. भाड्याच्या घराची बाहेरची भिंत कोण रंगवतं?"

"ज्याला राहायचं आहे तो," मी म्हटलं. आणि हे मी गमतीने म्हटलं नव्हतं. माझ्या कागदावर चार घरांपुढे मी 'राहणार' असं लिहिलं होतं. दोन घरांची खूण नव्हती. सहापैकी चार म्हणजे निकाल स्पष्ट होता. तेराव्या दिवशी मी फॉर्मवर आंध्राची पसंती लिहिली, सही केली आणि आस्थापना शाखेत देऊन पावती घेतली. त्या रात्री बायकोला चार घरांची नावं वाचून दाखवली. इंजिनियरांचं घर ऐकल्यावर तिने मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी पोळीवर न मागता तूप वाढलं.

त्यानंतर उरलेल्या दोन घरांनाही सफेदी झाली. मी कागद पूर्ण केला. सहापैकी सहा.

मुदत संपून आठ दिवस झाले असतील. आमच्या घराच्या मालकीण मागच्या भागात राहत. वयाने साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला. त्या परक्या पुरुषापुढे येत नसत. काम असलं की निरोप येई, आणि मी मागच्या व्हरांड्यात जाऊन चिकाच्या पडद्याशी उभा राही. पडद्याच्या काड्यांतून त्यांचा पांढरा दुपट्टा आणि पानदान तेवढं दिसे.

"साब, आप सफेदी कब डलवाते?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं त्या मालकीण म्हणून विचारताहेत. मी म्हटलं, "दिवाळी के बाद देखते, बेगमसाब. घर तो अच्छाच है."

"बाद में कैसा? बाद में आप कां रहते?"

"हम यहींच रहते."

पलीकडे अडकित्ता थांबला. "रहते? मैं समजी आप बी जारे. सब्बीच जारे ना. छे के छे घरां सफेदी डलवा लिए. आप इच बाकी."

मी मनात सहा भिंती पुन्हा मोजल्या. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्या थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "जानेवाला किरायेदार घर उजला करके जाता, साब. शरीफ लोगां का येइच दस्तूर है. इत्ती बात नइं मालूम आपकू?"

मला माहीत नव्हतं. बाकीचे सहाही जण हैदराबादेत आधी कुठे ना कुठे भाड्याने राहिलेले होते, चादरघाटला, काचिगुड्याला, जामबागेत. घर सोडताना ते बाहेरून उजळून मालकाच्या हाती द्यायचं, ही शहराची रीत त्यांना पाठ होती. मी सरकारी क्वार्टरातून आलेला. तिथे इमारत खात्याची माणसं ठरलेल्या वर्षी येऊन चुना मारत, मग तुम्ही राहा की जा. आणि आमच्या रस्त्यावरून पाच वर्षांत एकही मराठी बिऱ्हाड हललं नव्हतं. पाहायला मिळालं असतं तर मी टिपून ठेवलं असतं.

घरात येऊन मी बायकोला जसं झालं तसं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि मला न सांगता शेजारी गेली. विचारायलाच गेली. ती दहा मिनिटांत परत आली.

"जातायत," ती म्हणाली. "वहिनी म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. भिंत दिसत नव्हती का, म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मी आस्थापना शाखेत गेलो. तिथला कारकून माझ्या ओळखीचा, जुन्या शहरातला, स्वभावाने मोकळा. त्याला मी अडचण सांगितली. सफेदीची हकिगत ऐकून तो इतका हसला की बाजूच्या टेबलावरच्यांनी कारण विचारलं आणि त्याने ते सांगितलं. मग त्याने मला खिडकीपाशी नेलं.

"भाईसाब, कागदां अभी बंधे नइं. नवा फारम भरो, तारीख पुरानी डालो. पुराना मैं निकाल देतूं. कोई देखरा क्या?"

"पावती दिली आहे तुम्ही."

"फाड डालो पावती! तुम्हारी जेब में इच है ना?"

त्याने कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो घरी आणला. हे मी लपवणार नाही, कारण तो तिथेच परत करता आला असता. रात्री जेवण झाल्यावर मी तो बायकोपुढे ठेवला आणि त्याचा अर्थ सांगितला.

"मग घाला की तारीख," ती म्हणाली.

"ती तारीख खोटी होईल."

"नकाशात रेघ चुकली तर तुम्ही खोडत नाही का?"

"खोडतो. पण शेजारी सही करून, ज्या दिवशी खोडली त्या दिवसाची तारीख घालतो."

"तुमच्या सहीपायी मी पुन्हा एकटी बसू?"

मी तिला म्हटलं की मी उद्या खरी तारीख घालून पसंती बदलण्याचा अर्ज करीन आणि कारणही खरं लिहीन. ती म्हणाली, "काय लिहाल? भिंती पाहून फसलो?"

मी साधारण तेच लिहिलं. कोरा फॉर्म कारकुनाला परत दिला. तो म्हणाला, "अजब आदमी है यारो," आणि माझा अर्ज वर पाठवला. उत्तर सतरा दिवसांनी आलं. दोन ओळी होत्या. पसंती अंतिम असल्याने विनंती मान्य करता येत नाही.

शेवटच्या रविवारी दादांकडे चहा झाला. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळे बोलले. दादांच्या दोन्ही मुली परभणीकडे दिलेल्या, त्यांचं जायचं ठरलेलंच होतं. त्यांनी सफेदी केली. वकील म्हणाले, "दादांची भिंत पाहिली, म्हटलं संपलं, इथे आता कोण राहणार. म्हणून मी मुंबई लिहिलं." इंजिनियर म्हणाले की त्यांनी दोन भिंती पाहून लिहिलं. मास्तरांनी तीन. शेवटचे दोघे म्हणाले की त्यांना मनातून राहायचं होतं, पण एकटं राहायचं नव्हतं. सहापैकी पाच जणांनी मी पाहिल्या त्याच भिंती पाहिल्या होत्या.

"तोंडानं विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

दादांनी कप खाली ठेवला. "तुम्ही विचारलं होतं एकदा," ते म्हणाले. "मीच खारी पुढे केली."

पुढच्या पाच-सहा आठवड्यांत सहाही घरं रिकामी झाली. बायको प्रत्येक घराच्या सामानाला मदतीला गेली. माझ्याशी ती कामापुरतं बोलत असे. स्वयंपाक वेळेवर होई, मुलीची वेणी वेळेवर होई. मी काही विचारलं तर उत्तर मिळे, त्याला जोडून दुसरं वाक्य येत नसे. असं साधारण अडीच महिने चाललं.

रिकाम्या घरांत कर्नूलहून बदलून आलेली माणसं आली. राजधानी तिथून इकडे आली होती आणि तिकडच्या कचेऱ्यांना घरं हवी होती. या लोकांना वस्तीची रीत ठाऊक नव्हती. इंजिनियरांच्या घरात जे कुटुंब आलं त्यातली बाई दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. पुढच्या दाराने नाही, मागच्या. तिने तेलुगूत काही विचारलं. बायकोला कळलं नाही. तिने ते पुन्हा, जास्त मोठ्याने विचारलं. मग भांड्याचं झाकण उचलून आत काय आहे ते पाहिलं, वास घेतला, आणि पिठल्याकडे बोट दाखवून "इदि एमिटि?" म्हणाली.

"पिठलं," बायको म्हणाली.

"पिटला," ती म्हणाली, आणि पाटावर बसली.

संध्याकाळी बायको मला सांगत होती की ती बाई कशी आहे, किती प्रश्न विचारते, हिच्या पोहेहाराला हात लावून वजन कसं अजमावते. सांगताना ती चिडलेली होती. पण ती सलग बोलत होती.

वर्षभराने इंजिनियरांचं पत्र आलं. सहा बिऱ्हाडं सहा ठिकाणी गेली होती. परभणी, उस्मानाबाद, औरंगाबाद, बीड, एक थेट मुंबईला, आणि ते स्वतः अंबाजोगाईला. एकमेकांच्या भेटी नाहीत. राज्य निवडलं म्हणजे गाव निवडलं असं होत नाही, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. इंजिनियरांना परत यायचं होतं. दोन राज्यांत नोकरांची अदलाबदल करता येते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ओळखीने खटपट केली तर तुम्ही इकडे आणि मी तिकडे असं जमेल का, असं त्यांनी विचारलं होतं. ते जमण्यासारखं होतं की नाही याची मला शंका होती, पण या वेळी मी चौकशी करण्याआधी पत्र बायकोकडे दिलं. म्हटलं, तू ठरव.

तिने ते दोनदा वाचलं. "म्हणजे वहिनी इथं येणार?"

"हो."

"आणि मी तिथं जाणार."

"हो."

"मग दोघींचा काय फायदा? नाही म्हणून कळवा."

मी तसं कळवलं. पत्राच्या खाली तिने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या की उन्हाळ्यात मुलांना घेऊन राहायला या.

मे महिन्यात वहिनी आल्या. अकरा दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना आपलं जुनं घर पाहायचं होतं, पण परक्यांच्या दारी कसं जायचं म्हणून त्या फाटकाशी घुटमळत होत्या. कर्नूलच्या बाईंनी पोर्चमधून पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं. खोली अन् खोली दाखवली. मग तिघी व्हरांड्यात बसल्या. बाईंनी वहिनींना पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या नवऱ्याच्या पगाराचा. वहिनींना तेलुगू कळलं नाही आणि त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं; वर्षभरात हिला ते येऊ लागलं होतं. मी कुंपणापलीकडे उभा होतो. वाटलं, ही काहीतरी वेगळं सांगून वेळ मारून नेईल.

तिने प्रश्न जसाच्या तसा मराठीत सांगितला. वहिनींनी पदर सावरला, मग आकडा सांगितला. तोही तिने तेलुगूत सांगितला, बरोबर.